मोटारगाडीतील विद्युत् घटमालेची बसवणी

मोटारगाडीतील विद्युत् घटमालेची बसवणी : मोटारगाडीत फेरबदल करताना विद्युत् घटमाला मूळ जागेवरून हलवून डिकीत, आसनामागे किंवा आसनाखाली पक्की बसविणे, तिच्यातून निघणारा वायू गाडीबाहेर जाईल अशी सोय करणे आणि तिच्यापासून एंजिनापर्यंत जाणाऱ्या केबलचे रक्षण करणे, या सर्व कामांचा समावेश या बसवणीत होतो. विद्युत् घटमालेला व्यवहारात बॅटरी असे म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती बॉनेटखाली असते. तेथे तिच्याभोवती हवा खेळती राहते, एंजिन सुरू करणारे चलित्र तिच्यापासून थोड्याच अंतरावर असते आणि प्रवासी व घटमाला यांच्यामध्ये पोलादी आडभिंत असते. घटमाला मागे हलविली की हे तिन्ही लाभ एकदम नाहीसे होतात. म्हणून नव्या जागी तिचे वजन, तिच्यातून निघणारा वायू आणि तिच्यातून वाहू शकणारा प्रचंड प्रवाह या तिन्हींचा स्वतंत्र बंदोबस्त करावा लागतो. यांपैकी एक जरी उणा राहिला, तरी उरलेल्या दोहोंचा फारसा उपयोग होत नाही.

घटमालेला बंद करण्याची कळ नसते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एंजिन बंद केले, किल्ली काढली, गाडी उलटली किंवा अपघातात चेपली, तरी घटमालेच्या दोन अग्रांमधील विद्युत् दाब कायम असतो. १२ व्होल्ट व ६० अँपिअर-तास क्षमतेच्या, पूर्ण भारित घटमालेत सु. २६ लाख जूल ऊर्जा साठलेली असते. सु. ८ लि. पाणी २५° से. पासून उकळीपर्यंत तापविण्यास ती पुरेशी आहे. १२ व्होल्ट दाबाने माणसाला सहसा धक्का बसत नाही, त्यामुळे घटमाला निरुपद्रवी आहे असा समज रूढ झाला आहे. तिचा धोका दाबात नसून प्रवाहात आहे.

इतिहास : शिसे-अम्ल विद्युत् घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्टांवर शिशाच्या ऑक्साइडांचा लेप देण्याची पद्धती काढल्यावर त्याचे उत्पादन व्यापारी प्रमाणावर होऊ लागले [⟶ विद्युत् घट]. प्रारंभीच्या मोटारगाड्या हाताने दांडा फिरवून सुरू करीत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेवर एंजिन सुरू करण्याची योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत प्रथम नेहमीच्या सामग्रीचा भाग म्हणून आली. तेव्हापासून घटमालेला दिव्यांपुरता प्रवाह देऊन भागेना; क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह देणे हे तिचे मुख्य काम झाले.

घटमाला बॉनेटखालीच असली पाहिजे असे नाही. जर्मनीतील फोक्सवॅगन बीटल या गाडीत ती मागील आसनाखाली असे. आसनातील लोखंडी कमानी घटमालेच्या अग्रांना टेकू नयेत म्हणून तिच्यावर निरोधक झाकण दिलेले असे. हे झाकण हरवल्यावर वजनदार माणूस आसनावर बसला, की कमान खाली दबून दोन्ही अग्रांवर टेके व आसनाच्या भरावाला आग लागे. हा दोष या गाडीच्या जुन्या मालकांना चांगला परिचित आहे. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये आलेल्या मिनी गाडीत घटमाला डिकीच्या तळात बसविली होती व तिची केबल गाडीच्या तळाखालून पुढे नेली होती. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दा एमएक्स-५ या छोट्या जपानी गाडीतही घटमाला डिकीत होती. पण ती झडपेने नियंत्रित केलेल्या प्रकारची असून तिला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडलेल्या होत्या. अशा गाड्यांच्या अभिकल्पकांनी जागा ठरविताना वायू, वजन व केबल यांचा विचार प्रारंभीच केलेला असतो. फेरबदल करणाऱ्याला तोच विचार नंतर, तयार गाडीच्या मर्यादा सांभाळून करावा लागतो.

जागा बदलण्याची कारणे : यांत जागेची टंचाई हे पहिले कारण आहे. मोठे एंजिन, टर्बोभारक किंवा रुंद हवागाळणी बसविली, की बॉनेटखाली घटमालेला जागा उरत नाही. दुसरे कारण उष्णतेचे आहे. तापमान सु. १०° से. ने वाढले की शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते. निष्कास नळीच्या शेजारी ती लवकर निकामी होते. तिसरे कारण वजनाच्या विभागणीचे होय. १,००० किग्रॅ. वजनाच्या एखाद्या गाडीत ६०० किग्रॅ. भार पुढच्या आसावर असेल आणि पुढच्या आसावर असलेली १८ किग्रॅ. वजनाची घटमाला मागील आसावर नेली, तर पुढील भार ६० टक्क्यांवरून ५८·२ टक्क्यांवर येतो. शर्यतीच्या गाडीत हा फरक मोलाचा असतो. रोजच्या वापराच्या गाडीत मात्र तो चालकाला बहुधा जाणवतही नाही, आणि लांब केबलच्या वजनामुळे व वाढीव जोखमीमुळे हा व्यवहार तोट्याचा ठरू शकतो. म्हणून हलविण्याचे निश्चित कारण नसेल, तर मूळ जागा हीच सर्वांत सुरक्षित जागा होय.

घटमालेचे प्रकार : नव्या जागी कोणत्या प्रकारची घटमाला बसवावयाची यावर पुढील बरेच काम अवलंबून असते. नेहमीच्या उघड्या शिसे-अम्ल घटमालेत सहा घट असून त्यांत विरल गंधकाम्ल मोकळे असते. पूर्ण भारित अवस्थेत या अम्लाचे विशिष्ट गुरुत्व सु. १·२६ ते १·२८ असते. उष्ण प्रदेशांत ते काहीसे कमी ठेवतात. गाडी कलंडल्यास किंवा कवच फुटल्यास हे अम्ल सांडते, म्हणून अशी घटमाला प्रवाशांच्या कक्षात उघडी ठेवणे योग्य नाही.

झडप-नियंत्रित घटमालेत अम्ल मोकळे नसते. ते एका प्रकारात बारीक काचतंतूंच्या पटात शोषलेले असते, तर दुसऱ्या प्रकारात सिलिका मिसळून त्याचा थलथलीत गोळा केलेला असतो. दुसरा प्रकार जर्मनीत १९५० नंतरच्या दशकात व पहिला अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात विकसित झाला. धन पट्टावर निघालेला ऑक्सिजन या घटमालांत ऋण पट्टाकडे जाऊन पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो, त्यामुळे नेहमीच्या वापरात वायू फारच थोडा निघतो. तथापि ‘सीलबंद’ या शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊ नये. अतिभारण झाल्यास, म्हणजे घटमाला पूर्ण भरल्यानंतरही भारण चालू राहिल्यास, याही घटमालेची झडप उघडते व वायू बाहेर पडतो. म्हणून तिलाही नळी जोडावीच लागते.

लिथियम लोह फॉस्फेट घटमालेत प्रत्येकी सु. ३·२ व्होल्टचे चार घट एकसरीत जोडलेले असतात. तिचे वजन समान कामाच्या शिसे-अम्ल घटमालेच्या सु. एकतृतीयांश असते आणि तीत अम्ल नसते. मात्र तिला प्रत्येक घटाचा दाब व तापमान यांवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण आवश्यक असते. ०° से. खाली तिचे भारण करणे हानिकारक असते. घट आतून बिघडून तापल्यास ज्वालाग्राही व विषारी वायू बाहेर पडतात. म्हणून तिला निष्कास नळीच्या उष्णतेपासून दूर ठेवतात आणि तिच्यासाठी नियत केलेल्या भारकानेच भारित करतात.

वायू व त्याचा निचरा : शिसे-अम्ल घटाचा दाब भारणाच्या वेळी सु. २·४ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे सहा घटांच्या घटमालेत सु. १४·४ व्होल्टच्या वर गेला, की अम्लातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू वेगाने बाहेर पडू लागतात. तापमान जास्त असल्यास ही क्रिया आणखी कमी दाबाला सुरू होते. जनित्राचा दाब-नियंत्रक बिघडून दाब १५-१६ व्होल्टपर्यंत चढल्यास वायूनिर्मिती अखंड चालू राहते.

किती वायू निघतो हे फॅराडे यांच्या नियमावरून काढता येते. अतिभारणाच्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका घटातून सु. ०·४२ लि. हायड्रोजन निघतो (०° से. व १ वातावरण दाबाला), म्हणजे सहा घटांतून सु. २·५ लि. निघतो. ५ अँपिअर प्रवाहाने तासभर अतिभारण झाले, तर १२·५ लि. हायड्रोजन बाहेर पडेल. आता ३०० लि. घनफळाची बंद डिकी घेतली, तर तिच्या ४ टक्के म्हणजे १२ लि. होतात, आणि हवेत हायड्रोजनाचे प्रमाण सु. ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असताना मिश्रण पेट घेऊ शकते. तात्पर्य, बिघडलेल्या नियंत्रकाची गाडी तासभर चालविल्यास डिकीतील हवा पेट घेण्याच्या सीमेवर येऊ शकते. प्रत्यक्षात डिकी पूर्ण हवाबंद नसते हे खरे. पण हायड्रोजन हवेच्या सु. चौदावा हिस्सा इतका हलका असल्याने तो वरच्या झाकणाखाली साठतो व तेथील प्रमाण सरासरीहून जास्त होते.

हे मिश्रण पेटण्यास लागणारी ठिणगी अतिशय क्षुद्र असते. पेट्रोलच्या वाफेला लागणाऱ्या ऊर्जेच्या सु. दशांश ऊर्जा तिला पुरते. डिकीतील दिव्याची कळ, कुलूप उघडणारे विद्युत् चुंबक, ध्वनिवर्धकाची सैल जोडणी किंवा अग्रावरून पाना काढताना उडालेली ठिणगी यांपैकी काहीही कारणीभूत होऊ शकते. स्फोट झाल्यास घटमालेचे कवच फुटून अम्ल व प्लॅस्टिकचे तुकडे चेहऱ्यावर उडतात. फार तापलेल्या घटमालेतून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही निघतो. हा वास गाडीत आल्यास खिडक्या उघडून गाडी थांबवावी, एंजिन बंद करावे व सर्वांनी बाहेर पडावे.

यावर उपाय दोन प्रकारे करतात. घटमालेच्या बाजूला वायुमार्ग असेल, तर त्यास अम्लरोधी नळी जोडून ती गाडीच्या तळातून बाहेर काढतात. हायड्रोजन हलका असला, तरी बंद घटमालेतील वायू स्वतःच्या दाबाने बाहेर ढकलला जात असल्यामुळे नळी खाली नेण्यास हरकत नसते. नळीला मुरड पडू नये, तिचे तोंड चिखलाने बुजू नये आणि ते निष्कास नळीजवळ नसावे. दुसरा मार्ग हवाबंद पेटीचा होय. घटमाला अम्लरोधी पेटीत ठेवून तिच्या तळाजवळ ताजी हवा येण्याची व झाकणाजवळ वायू बाहेर जाण्याची नळी ठेवतात. दोन्ही नळ्यांची दुसरी टोके गाडीबाहेर असतात. पेटी असली म्हणून घटमाला बांधण्याची गरज संपत नाही. पेटी वायू व अम्ल अडविते, वजन अडवीत नाही.

वजन व धारणा : घटमालेचे वजन साधारणतः १५ ते २० किग्रॅ. असते. गाडी उभी असताना हे वजन किरकोळ वाटते. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळून पुढील भाग अर्धा मीटर चेपला जाईपर्यंत थांबली असे धरल्यास तिचे सरासरी मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. २० पट येते. त्या क्षणी १५ किग्रॅ. ची घटमाला सु. ३०० किग्रॅ. वजनाइतक्या प्रेरणेने पुढे झेपावू पाहते. मागील आसनावर कोणी बसलेले असेल, तर तिच्या वाटेत प्रथम तेच येते. रबरी दोरी, नायलॉनचा पातळ पट्टा किंवा पत्र्यात पिळलेले लहान स्क्रू ही बांधणी या प्रेरणेपुढे टिकत नाही. गाडी उलटल्यास प्रेरणेची दिशाही बदलते. म्हणून धारणा पुढेमागे, आडवी व वरखाली अशा सर्व दिशांनी असावी लागते.

या प्रेरणेचा विचार करता दुर्बळ दुवा बोल्ट नसून गाडीचा पत्रा आहे. १० मिमी. व्यासाचा पोलादी बोल्ट याच्या कित्येक पट भार सहज पेलतो. परंतु गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिमी. च्या आसपास जाडीचा असतो. लहान चकती लावून आवळलेला बोल्ट भार येताच पत्रा फाडून चकतीसह वर उपटून येतो. भार मोठ्या क्षेत्रावर पसरविण्यासाठी पत्र्याच्या खालच्या बाजूस जाड आधारपट्टी देतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (स्थापना पॅरिस, १९०४) शर्यतीविषयक नियमांत मूळ जागेवरून हलविलेल्या घटमालेसाठी धातूची बैठक व निरोधक आवरण असलेल्या दोन धातूच्या पकडी सांगितल्या आहेत. त्यांचे बोल्ट किमान १० मिमी. व्यासाचे आणि प्रत्येक बोल्टाखालील आधारपट्टी किमान ३ मिमी. जाड व २० चौ. सेंमी. क्षेत्रफळाची असावी लागते. हे नियम शर्यतीच्या गाड्यांसाठी असले, तरी खाजगी गाडीत फेरबदल करणाऱ्यालाही ते उत्तम मार्गदर्शक आहेत.

बैठक पोलादी कोनपट्ट्यांची चौकट करून बनवितात. तीत घटमाला तळाशी चारही बाजूंनी अडकली पाहिजे व वरून आडव्या पट्टीने दाबली गेली पाहिजे. वरची पट्टी धातूची असल्याने ती अग्रांपासून पुरेशी दूर ठेवून तिच्यावर रबर चढवितात. ती प्रमाणाबाहेर आवळल्यास कवचाला तडा जातो. बैठक पूर्ण झाल्यावर घटमाला दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहावी. गाडी हलली पाहिजे, घटमाला हलता कामा नये.

जागा निवडताना डिकीचे अगदी मागचे टोक टाळतात, कारण मागून धक्का बसल्यास तोच भाग प्रथम चेपतो. शक्य तेथे मागील आसाच्या जवळ, बाजूच्या मजबूत सांगाड्यालगत बैठक ठेवतात. उघड्या प्रकारची घटमाला डिकीत असल्यास डिकी व प्रवासी कक्ष यांमध्ये धातूची सलग आडभिंत असावी. अनेक गाड्यांत मागील आसनाच्या पाठीमागे नुसता पुठ्ठा असतो. बोल्टांसाठी भोके पाडण्यापूर्वी तळाखाली काय आहे हे गाडी वर उचलून पाहणे अत्यावश्यक आहे. इंधन टाकी, इंधननळी व गतिरोधकाची नळी बहुधा याच भागातून जातात.

केबल व दाबातील घट : घटमाला मागे गेल्यावर आरंभक चलित्रापर्यंतची केबल अर्ध्या मीटरऐवजी सु. ५ मी. लांबीची होते. एंजिन सुरू होताना पेट्रोल गाडीत साधारणतः १५० ते ३०० अँपिअर प्रवाह वाहतो. २०० अँपिअर प्रवाह धरल्यास १६ चौ. मिमी. काटछेदाच्या ५ मी. लांब तांब्याच्या केबलमध्ये सु. १·१ व्होल्ट दाब वाया जातो, ३५ चौ. मिमी. केबलमध्ये तो सु. ०·५ व्होल्ट, तर ५० चौ. मिमी. केबलमध्ये सु. ०·३५ व्होल्ट असतो. म्हणून ३५ ते ५० चौ. मिमी. ची केबल वापरतात. ५ मी. लांबीच्या ५० चौ. मिमी. केबलमधील तांब्याचेच वजन सु. २·२ किग्रॅ. भरते. बारीक केबल वापरल्यास एंजिन रेंगाळत सुरू होते.

परतीचा मार्ग बहुधा गाडीच्या सांगाड्यातून असतो. ऋण अग्रापासून जाड व आखूड केबल घेऊन ती रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टाने आवळतात व जोडावर गंजरोधक लेप देतात. पुढील टोकाला एंजिन व सांगाडा यांना जोडणारी तितकीच जाड पट्टी लागते. ही पट्टी तुटकी वा गंजलेली असेल, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो व वेगवर्धकाच्या किंवा क्लचच्या तारदोरातून वाहून ती तापवितो. यामुळे आग लागल्याची प्रकरणे कारागिरांना अपरिचित नाहीत.

धन केबलच्या मार्गाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी कडे बसवावे, अन्यथा गाडीच्या कंपनांनी पत्र्याची धार हळूहळू निरोधनात शिरते. केबल दर हातभर अंतरावर पकडीने बांधावी, आतील मार्ग असल्यास दारालगतच्या उंबऱ्याखालून न्यावी आणि आसनाच्या सरकपट्ट्या, हलणारे दांडे, निष्कास नळी व इंधननळी यांपासून दूर ठेवावी. तळाखालून न्यावी लागल्यास तिच्यावर आणखी एक टणक आवरण चढवितात.

वितळतार : घटमालेचा अंतर्गत रोध अवघा काही सहस्रांश ओहम असतो. धन केबल पत्र्याला घासून उघडी पडली व पत्र्यास टेकली, तर मंडल संक्षेप (प्रवाहाने उपकरण टाळून थेट परत येणे) होतो आणि एक हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. स्पर्श अर्धवट असेल तर प्रवाह कमी, पण आगीला पोषक असतो. एकूण रोध ०·०५ ओहम असल्यास सु. २५० अँपिअर प्रवाह वाहतो व सु. ३ किवॉ. उष्णता निर्माण होते. ती गालिचा व आसनाचा भराव पेटविण्यास पुरेशी असते. बॉनेटखालील आखूड केबलला हा धोका थोडा असतो. सर्व गाडीभर फिरणाऱ्या केबलला तो पदोपदी असतो.

यावर वितळतार हा उपाय आहे. ती उपकरणाचे नव्हे, तर केबलचे रक्षण करते. म्हणून ती धन अग्राच्या शक्य तितकी निकट, वीतभर अंतराच्या आत बसवितात. वितळतारेच्या अलीकडचा केबलचा तुकडा असंरक्षितच राहतो, हे लक्षात घेऊन त्याला जादा निरोधन देतात. तिची मर्यादा केबलच्या वहनक्षमतेपेक्षा जास्त नसावी, पण आरंभकाचा काही सेकंदांचा प्रवाह तिने सहन केला पाहिजे. त्यामुळे सावकाश वितळणारी, साधारणतः २०० ते ३०० अँपिअरची बोल्टाने बसणारी वितळतार निवडतात. ध्वनिवर्धक, पंखा इ. उपकरणांच्या शाखांना स्वतंत्र लहान वितळतारा लागतात. अनेक कारखानदार आरंभकाच्या केबलला वितळतार देत नाहीत. घटमाला मागे असलेल्या काही बी.एम.डब्ल्यू. गाड्यांत तिच्याऐवजी धन अग्रावर लहान स्फोटक भार असलेली पकड असते. एअरबॅग उघडण्याजोगा अपघात झाल्यास हा भार केबल अग्रापासून झटक्यात तोडतो. दिवे व इतर आवश्यक मंडले मात्र चालू राहतात.

मुख्य तोड-कळ : अपघातानंतर बचाव करणाऱ्याला वीज तोडता यावी म्हणून तोड-कळ बसवितात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार तिने सर्व विद्युत् मंडले तोडून एंजिनही थांबविले पाहिजे. ती ठिणगी न पाडणारी व गाडीच्या आतून तसेच बाहेरून वापरता येण्याजोगी असावी लागते. बाहेरील कळेची जागा पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणातील तांबड्या विजेच्या चिन्हाने दाखवितात. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (स्थापना १९५१) या सरळ रेषेतील शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत ही कळ धन बाजूस, गाडीच्या मागील भागी मागितलेली आहे. एंजिन चालू असताना केवळ घटमाला तोडल्यास जनित्र एंजिनाला वीज पुरवितच राहते व त्याच्या दाबात अकस्मात उसळी येऊन इलेक्ट्रॉनीय उपकरणे जळू शकतात. म्हणून प्रज्वलन तोडणारे व जनित्राचा प्रवाह रोधातून वळविणारे जादा स्पर्शक असलेली कळ वापरतात.

कामाचा क्रम व तपासणी : घटमाला काढताना सांगाड्याला जोडलेले अग्र प्रथम सोडवितात व बसविताना ते शेवटी जोडतात. आधुनिक गाड्यांत ते ऋण असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत ते धन असे. हा क्रम पाळल्यास दुसऱ्या अग्रावर काम करताना पाना पत्र्याला लागला तरी प्रवाह वाहत नाही. बोटातील अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. तापलेली अंगठी बोट भाजून काढते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. अम्ल डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने सतत धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. सांडलेले अम्ल खाण्याच्या सोड्याने निष्प्रभ करता येते, परंतु सोडा डोळ्यांत घालू नये.

काम झाल्यावर दोन्ही अग्रांवर निरोधक टोप्या चढवितात, कारण डिकीत ठेवलेला जॅक किंवा पान्यांची पिशवी अग्रांवर पडणे हा नेहमीचा अपघात आहे. एंजिन सुरू करताना घटमालेचे धन अग्र व आरंभक यांमधील दाबाची घट मोजतात, ती सु. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरल्यास केबल अपुरी आहे किंवा जोड खराब आहे असे समजावे. दुसऱ्या गाडीच्या घटमालेची मदत घेता यावी म्हणून बॉनेटखाली झाकण असलेले धन अग्र देतात. अशा वेळी शेवटची पकड घटमालेवर न लावता तिच्यापासून दूर, एंजिनाच्या धातूवर लावतात. पहिल्या काही दिवसांनी व नंतर दर सहा महिन्यांनी बोल्ट, रबरी कडी, वायुनळी आणि भारणाचा दाब तपासणे इष्ट असते.

नियम : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ज्या मोठ्या फेरबदलासाठी घटमाला हलवावी लागते, उदा., एंजिन बदलणे, तो या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे व विमा कंपनीला कळविणे हिताचे असते. शर्यतीत भाग घेणाऱ्या गाड्यांना त्या त्या स्पर्धेचे तांत्रिक नियम लागू होतात.

चांगल्या बसवणीची कसोटी गाडी रोज सुरू होते की नाही ही नसते. सैल बांधलेली, वायुनळी व वितळतार नसलेली घटमालाही वर्षानुवर्षे गाडी सुरू करीत राहते. गाडी आदळली, उलटली किंवा तिचा दाब-नियंत्रक बिघडला, त्या क्षणी घटमाला जागेवर राहिली, वायू बाहेर गेला आणि प्रवाह खंडित झाला, तरच ती बसवणी सुरक्षित म्हणता येते.